पुन्हा लॉगिन का मागतंय?

२१ मे २०२५ रोजी अकरावीच्या राज्यव्यापी ऑनलाइन प्रवेशाची नोंदणी सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. नोंदणी पुन्हा सुरू व्हायला २६ तारीख उजाडली. आधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांपुरती होती. या वेळी छत्रपती संभाजीनगर विभागातल्या जालना, बीड, परभणी, हिंगोलीची मुलेही त्याच दारात उभी होती. अशा गर्दीत पडद्यामागची एक बारीकशी गोष्ट फार मोलाची ठरते, ती म्हणजे कुकी.

मोठ्या संकेतस्थळामागे अनेक सर्व्हर असतात आणि त्यांच्यापुढे असतो लोड बॅलन्सर. येणाऱ्या विनंत्या तो सर्व्हरांमध्ये वाटतो. पण ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपी नियमांनी बोलतात, त्यांना मागचे काही आठवत नाही. लॉगिनची नोंद एका सर्व्हरच्या मेमरीत राहिली आणि पुढचे पान दुसऱ्याकडे गेले, की तो पुन्हा लॉगिन मागतो. मग पुन्हा ओटीपी. आणि तो येणारा मोबाइल आईजवळ, आई शेतात.

यावर उपाय असा, की लोड बॅलन्सर पहिल्याच उत्तरासोबत सर्व्हरची खूण असलेली कुकी ब्राउझरला देतो. ब्राउझर दर वेळी ती परत आणतो आणि अर्जदार त्याच सर्व्हरकडे पोहोचतो. विली तारो यांच्या २००१ पासूनच्या एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरमध्ये हे काम काही ओळींच्या सूचनांनी होते. आयपी पत्त्यावरून ओळखायला गेलो तर नेट कॅफेतले सगळे संगणक बाहेरून एकच दिसतात. मोबाइल कंपन्याही अनेक ग्राहक एका पत्त्यामागे ठेवतात. मग संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातले अख्खे कॅफे एकाच सर्व्हरवर आदळते. म्हणून कुकीच बरी. मात्र तिच्यातली खूण कूटबद्ध हवी. एफ५ कंपनीच्या बिग-आयपी या लोड बॅलन्सरच्या साध्या कुकीतून आतल्या सर्व्हरचा पत्ता थोड्या आकडेमोडीने उकलता येत असे.

तरीही केवळ कुकीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. सर्व्हर बंद पडला, की त्याला बांधलेल्या सगळ्यांचे अर्धे अर्ज जातात. ऐन गर्दीत नवे सर्व्हर जोडले, तरी आधीची मुले जुन्या, दमलेल्या सर्व्हरलाच चिकटून राहतात. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी घडवली ती नेमकी उलट्या गरजेतून. एमसीआय या ग्राहक कंपनीला अर्धवट व्यवहारांची आठवण आपल्या सर्व्हरवर ठेवायचीच नव्हती. आज आपण त्याच कुकीने माणसाला आठवण ठेवणाऱ्या सर्व्हरशी बांधतो.

सरकारी प्रवेशासाठी तरी प्रत्येक पान भरताच सामायिक डेटाबेसमध्ये जायला हवे. म्हणजे कोणताही सर्व्हर तिथून पुढे नेईल आणि कुकी फक्त वेग वाढवण्यापुरती उरेल. दुरुस्तीसाठी सर्व्हर काढायचा असेल, तर आधी त्याच्याकडे नवे अर्जदार पाठवणे थांबवावे आणि आत असलेल्यांना काम संपवू द्यावे. अर्जाचा भाग दोन, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम, घरच्यांशी बोलून भरायचा असतो. म्हणून काम संपवायला पाच-दहा मिनिटांची मुदत पुरत नाही.