काट्याशी कुस्ती

शंभर ग्रॅम म्हणजे किती? तुमच्या हातातला मोबाइलही त्यापेक्षा जड असेल. ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी पॅरिसमध्ये विनेश फोगटचं वजन ५० किलोच्या मर्यादेपेक्षा एवढंच जास्त भरलं आणि ऑलिंपिकची फायनल गेली. आदल्याच दिवशी तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं होतं. तोवर एकही आंतरराष्ट्रीय कुस्ती न हरलेल्या सुसाकीला!

त्या दिवशी जो तो शंभर ग्रॅमवर बोलत होता. मला मात्र दुसरेच आकडे छळत राहिले. ६ ऑगस्टला सकाळी वजन ४९.९ किलो, तीन कुस्त्या झाल्यावर ५२.७, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५०.१. म्हणजे एका रात्रीत दोन किलो सहाशे ग्रॅम! खाणंपिणं बंद, झोप नाही, रात्रभर घाम गाळायचा, शेवटी केससुद्धा कापले. नंतर शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे तिला सलाइन लावावं लागलं.

आता जिममधल्या मंडळींनी लक्ष द्या. एका रात्रीत जातं ती चरबी नव्हे, ते पाणी. पाणी गेलं की रक्तातला द्रव कमी होतो, हृदयाला जास्त धावपळ करावी लागते, घाम आटतो आणि शरीराचं तापमान चढत जातं. काटा खूश, बाकी सगळे अवयव नाराज.

पॅरिस लांबचं वाटत असेल तर सोलापूरला या. माझा मामेभाऊ इथल्या एका तालमीत जातो. वय अठरा, वजन साठ किलो, आणि निवड चाचणीसाठी धरलेला गट ५७. मे महिन्यात मी मामाकडे गेले होते. संध्याकाळी पाच वाजता, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, हा पठ्ठ्या रेनकोट घालून कंबर तलावाकडे पळायला निघाला! मामीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी ताटात वाढून ठेवलेली. त्यानं ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाला, "ताई, पाणी दाखवू नकोस गं. उद्या काटा झाला की पितो." तोंडात थुंकीसुद्धा उरली नव्हती, जीभ टाळूला चिकटत होती.

गंमत म्हणजे आपल्याकडची जुनी कुस्ती नेमकी उलटी. जत्रेच्या फडात वस्ताद दोन पोरांना शेजारी उभं करतात, नजरेनंच तोलतात आणि जोड लावतात. तिथे वजन कमी करायचं कारणच नाही. खुराक, थंडाई, बदाम, सगळी धडपड वजन वाढवायची. मॅट आली, किलोचे गट आले आणि त्याच तालमीत पोरं उपाशी राहायला लागली.

मग प्रश्न येतो, काट्यावर उभं कधी करायचं? आदल्या दिवशी केलं तर पोरं बेधडक पाणी काढतात आणि रात्रीतून भरून घेतात. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हेच चालतं. फेब्रुवारी २००० मध्ये न्यूयॉर्कला आर्टुरो गॅटी विरुद्ध जोई गमाश ही लढत झाली. मर्यादा साधारण ६४ किलो, वजन आदल्या दिवशी. लढतीच्या रात्री टीव्हीवाल्यांनी अनधिकृतपणे मोजलं तर गॅटी ७२ च्या पुढे, गमाश ६६ च्या आत. दुसऱ्याच फेरीत गमाश कोसळला. मेंदूला इजा झाली, करिअर तिथेच संपलं. आयबीएफ या बॉक्सिंग संघटनेनं किताबाच्या लढतीआधी सकाळी दुसऱ्यांदा वजन घ्यायचा नियम केला, दहा पौंडांपेक्षा जास्त वाढ नको म्हणून. मला हे शहाणपणाचं वाटतं.

मग त्याच दिवशी सकाळी घ्यावं? आंतरराष्ट्रीय कुस्तीत २०१८ पासून तसंच सुरू झालं. दुसऱ्या दिवशीही खेळणाऱ्याचं पुन्हा वजन. हेतू चांगला होता: भरून घ्यायला वेळच नसेल तर पोरं एवढं उतरवणार नाहीत. पण गट हातचा जाऊ द्यायचा नसेल तर माणूस ऐकतो थोडाच! आपली मेरी कोम २०१८ मध्ये पोलंडला पोहोचली तेव्हा दोन किलो जास्त होती. चार तासांत दोरीवरच्या उड्या मारून तिनं ते उतरवले आणि सुवर्णपदकही आणलं. आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण तालमीतलं पोरगं त्यातून काय शिकतं?

या प्रकरणाची खरी किंमत अमेरिकेनं मोजली. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, महिनाभराच्या आसपास, तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना गेले. रबरी सूट, सायकल, बंद खोली. त्यातल्या एकाची खोली तापवून ३३ अंशांवर नेली होती. आपल्या मे महिन्यात ३३ अंश आले तर सोलापूरकर गारवा म्हणतील! आमच्याकडे खोली तापवायचीही गरज नाही, नुसता रेनकोट पुरतो.

त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सौना बंद झाले, वजन लढतीच्या अगदी जवळ आलं. पण माझ्या मते खरा बदल वेगळाच होता. हंगामाच्या सुरुवातीला, शरीरात पाणी पुरेसं असतानाच, प्रत्येकाचं किमान वजन ठरवायला लागले. त्या खाली खेळायचंच नाही. उतरवायचं तरी आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त नाही. साठ किलोच्या पोराला आठवड्याला नऊशे ग्रॅम. म्हणजे काटा कधी लावायचा यापेक्षा पोरगं कुठल्या गटाचं आहे, हे आधी ठरलं.

"पण वरच्या गटात मार खाईल ना!" हे मामाचं म्हणणं. मी त्यांना खाशाबा जाधवांची आठवण दिली. १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलो गटात सहावे, १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात ब्राँझ. राहुल आवारेचं २०१९ चं जागतिक ब्राँझही ६१ किलोचं. मामाकडे उत्तर तयार होतं: अमन सेहरावत. पॅरिसला सेमीफायनलनंतर अमन ६१.५ किलो होता, दहा तासांत ४.६ किलो उतरवून ५७ मध्ये ब्राँझ जिंकला. खरंच आहे. पण तोच अमन २०२५ च्या जागतिक स्पर्धेत झाग्रेबला १.७ किलो जास्त भरला आणि न खेळता बाद झाला. यावर मामा गप्प बसले नाहीत, पण आवाज जरा उतरला.

मामेभाऊ आता ६१ मध्ये खेळतो. पहिली कुस्ती हरला. वस्ताद म्हणाले, "हरला, पण शेवटपर्यंत दम होता की पोरात."

आपल्याकडच्या चाचण्यांत मी पाहिलं ते एवढंच: एक वजनकाटा, एक वही आणि चड्डीवर उभी राहिलेली पोरांची रांग. त्या काट्याशेजारी ठेवायला रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं यंत्र मिळतं. त्यावर लघवीचे एक-दोन थेंब टाकायचे. अमेरिकन कॉलेजांच्या नियमात आकडा १.०२० च्या वर गेला की पोरगं कोरडं पडलंय असं धरतात आणि त्या दिवशी त्याचं किमान वजन ठरवत नाहीत. त्याला पाणी पिऊन परत यायला सांगतात.