गळती लपवू नये, शोधावी

घरासमोरची गाडी हलवली की फरशीवर ओला ठिपका दिसतो. “एसीचे पाणी असेल,” असे म्हणून आपण कामाला लागतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण एसीचे पाणी म्हणजे निव्वळ पाणी. त्याला रंग नसतो. ठिपका हिरवा, निळा किंवा गुलाबी असेल आणि बोटांना बुळबुळीत लागत असेल, तर ते इंजिन थंड ठेवणारे कूलंट आहे. गाडी घरातली साधी असो की शौकाची स्पोर्ट्स कार, या ठिपक्याकडे दुर्लक्ष केले तर इंजिन जाते, आणि घाईने हात घातला तर माणूस भाजतो.

कुकरचे उदाहरण

इंजिनातल्या पोकळ्यांतून कूलंट फिरते, तिथली उष्णता उचलते, रेडिएटरमध्ये येऊन वाऱ्याने थंड होते आणि परत इंजिनात जाते. त्याला फिरवतो तो वॉटर पंप. रेडिएटरकडची वाट केव्हा उघडायची हे थर्मोस्टॅट ठरवतो. चालू गाडीत हे द्रव साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. चढावर किंवा वाहनांच्या गर्दीत ते आणखी तापते.

वर्गात दाबाचा धडा शिकवताना आम्ही कुकरचे उदाहरण देतो. इथेही तेच लागू पडते. बंद झाकणाखाली दाब वाढतो, म्हणून कूलंट १०० अंशांच्या पुढे गेले तरी उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि क्षणात उकळते द्रव व वाफ तोंडावर येते. तापलेल्या गाडीचे झाकण फडके धरूनही उघडू नये. इंजिन बंद करावे, तास-दोन तास जाऊ द्यावेत, वरचा रबरी पाइप हाताला थंड लागला की मगच झाकणाला हात लावावा. घरातल्या प्रत्येकाला, अगदी गाडी न चालवणाऱ्यांनाही, हे ठाऊक असायला हवे.

दोन सीटांची गाडी

रत्नागिरी आणि रायगडकडची अनेक कोकणी मुस्लिम कुटुंबे इंग्लंडात स्थायिक झाली आहेत. आमची बहीण त्यांच्यातलीच. मेच्या सुटीत आम्ही तिच्याकडे होतो, तेव्हा भाच्याची लाल रंगाची, छत मागे दुमडणारी, पंचवीसेक वर्षांची स्पोर्ट्स कार विकायला काढलेली होती. त्याचा निकाह ठरला होता आणि दोन सीटांच्या गाडीत संसार मावणार नव्हता. रविवारी गिऱ्हाईक येणार होते. बुधवारी गाडीखाली हिरवे थेंब दिसले.

स्पोर्ट्स कार म्हटले की सर्वसामान्य माणूस घाबरतो. पण सगळ्याच स्पोर्ट्स कार सारख्या नसतात. माझदाची एमएक्स-५ ही गाडी १९८९ मध्ये आली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. तिचे इंजिन पुढे, रेडिएटरही पुढे, रचना साधी. इंग्लंडात अशा गाड्यांची किरकोळ दुरुस्ती लोक घराच्या अंगणातच करतात. याउलट पोर्शे ९११ चे इंजिन मागे असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते वाऱ्यावरच थंड होत असे. नंतर त्यात कूलंट आले, पण रेडिएटर गाडीच्या नाकाशी आणि इंजिन शेपटीला. एवढ्या लांब नळ्यांची गळती घरी शोधणे सोपे नाही. म्हणून हात घालण्याआधी आपल्या गाडीची रचना पाहावी. भाच्याची गाडी पहिल्या प्रकारातली होती.

“मामू, एक बाटली मिळते. रेडिएटरमध्ये ओतली की गळती बंद. दोस्त म्हणतो, रविवार सहज निघेल,” भाचा म्हणाला.

आपल्याकडे जुने ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकत, त्याचाच हा विलायती भाऊ. भोकापाशी औषध घट्ट होते आणि थेंब थांबतो. पण ते फक्त भोकातच जाऊन बसेल असे नाही. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही ते साचू शकते. आडरानात अडकलेल्या माणसाने घरी पोहोचण्यापुरते वापरले तर ती मजबुरी. उद्या विकायच्या गाडीत ओतले तर तिला दुसरे नाव आहे. आम्ही एवढेच म्हणालो, “आधी गळती कुठे आहे ते तर पाहू. मग ठरव.”

शोध

गळती शोधायची ती थंड इंजिनावर. गाडी सपाट जागी उभी करून खाली कोरडा पुठ्ठा पसरावा. थेंब कुठे पडतो ते कळते, पण द्रव वरून ओघळत येते, म्हणून थेंबाची जागा आणि गळतीची जागा एकच असेल असे नाही. टॉर्च घेऊन खालून वर पाहत जावे. रबरी पाइपांची टोके आणि त्यांवरच्या क्लिपा, थर्मोस्टॅटचे घर, वॉटर पंप, हीटरकडे जाणारे दोन पाइप आणि रेडिएटरच्या कडा या नेहमीच्या जागा. कूलंट सुकले की पांढरट किंवा रंगीत खपली उरते. तीच खूण.

शेजारच्या घरी हातपंपाचे दाब तपासणीयंत्र होते. ते झाकणाच्या जागी बसवून थंड इंजिनावर दाब द्यायचा. झाकणावर लिहिलेल्या आकड्याच्या वर जायचे नाही. भाचा पंप मारत होता, टॉर्च धाकट्या भाचीच्या हातात होता. “भाईजान, इथे!” ती ओरडली. अॅल्युमिनियमच्या जाळीवर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीला जोडाशी केसाएवढी चीर होती. नवे असताना काळे असणारे ते प्लॅस्टिक तपकिरी पडले होते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होते. त्याचा रंग बदलला की आयुष्य सरत आले असे समजावे.

काही खुणा मात्र घरच्या दुरुस्तीच्या पलीकडच्या आहेत. थेंब कुठेच पडत नाही आणि तरी कूलंट कमी होते, धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, इंजिन ऑइल दुधाळ दिसते, तेव्हा हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. गाडी चालवत न नेता उचलून गॅरेजला न्यावी.

दुरुस्ती

नवा रेडिएटर, वर-खालचे दोन पाइप, क्लिपा आणि थर्मोस्टॅट मागवले. जुन्या पाइपावर नवा रेडिएटर बसवणे म्हणजे नव्या कुर्त्याला जुनी बटणे लावण्यासारखे. शनिवारी जोहरनंतर काम सुरू झाले. गाडी जॅकने उचलून मजबूत स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही, क्षणभरही जाऊ नये. बॅटरीची ऋण तार काढली, कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही पंखा सुरू होतो.

खालचा प्लग सोडून कूलंट रुंद टबात घेतले. त्यात बहुधा इथिलिन ग्लायकॉल असते. चवीला गोड आणि मूत्रपिंडांसाठी विष. लहान मूल किंवा मांजर ते चाटू शकते. म्हणून टब उघडा ठेवायचा नाही, सांडलेले लगेच पुसून जागा धुवायची, आणि उरलेले बंद डब्यात भरून, चिठ्ठी लावून, ते घेणाऱ्या कचरा केंद्रात द्यायचे. पाण्याच्या जुन्या बाटलीत तर ते कधीच ठेवू नये.

चिकटलेले पाइप पेचकसाने उचकटले तर रेडिएटरचे तोंड तुटते. ते हळूहळू फिरवून सैल केले. पंख्यांच्या तारा सोडल्या, वरचे बोल्ट काढले आणि रेडिएटर सरळ वर उचलला. नवा बसवताना खालची रबरे जागेवर आहेत ना ते पाहिले.

खरा संयम लागतो तो भरताना. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड पाणी. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार बसतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच कूलंट घ्यावे. निव्वळ रंग पाहून घेऊ नये. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचे नाक थोडे उंच करून सावकाश भरले, म्हणजे आत हवा अडकत नाही. अडकलेल्या हवेमुळे नवा रेडिएटर असूनही इंजिन तापू शकते. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावले आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवले. असरची वेळ झाली तेव्हा पुठ्ठा कोरडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, पातळी किंचित खाली गेली होती, तेवढी भरली.

सौदा

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारले गेले, आणि फसवणारा आमच्यातला नव्हे, अशी ताकीद मिळाली. मालातला ऐब सांगून विकणे हे आपल्या व्यापाराचे मूळ आहे.

दुरुस्ती चोख झाली होती, तेव्हा सांगण्याची गरज काय, असे बहिणीला वाटत होते. भाच्याने विचार केला आणि रविवारी गिऱ्हाइकासमोर जुना रेडिएटर चिरेसकट ठेवला. गाडी त्या दिवसांत तापली नव्हती, हेही सांगितले. गिऱ्हाइकाने कळवतो म्हटले आणि परत फोन केला नाही. भाच्याचा चेहरा उतरला. तीन आठवड्यांनी, आम्ही परतल्यावर, गाडी दुसऱ्याला थोड्या कमी पैशांत गेली. त्यालाही जुना रेडिएटर दाखवला होता. फोनवर भाचा म्हणाला, “मामू, पैसे कमी आले. पण रात्री त्याचा नंबर फोनवर दिसला तर छातीत धस्स होणार नाही.”

आपल्यापैकी फारच थोड्यांच्या दारात स्पोर्ट्स कार असते. पण व्हॅन असो, रिक्षा असो की मुलांना शाळेत सोडणारी छोटी मोटार, तिच्यात बसणारे जीव आपल्याकडे अमानत असतात. महिन्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना बॉनेट उघडावे. कूलंटच्या बाटलीवरच्या दोन रेघांच्या मध्ये पातळी आहे का ते पाहावे. वरचेवर भरावे लागत असेल तर भरत बसू नये. ते जाते कुठे, हे शोधावे. आणि टॉर्च घरातल्या मुलीच्याही हाती द्यावा.