नगरचे रोटरी इंजिन आणि आकाशातली चाहूल

हेलिकॉप्टर दिसण्याआधी ऐकू येते, आणि तो आवाज त्याच्या इंजिनाचा असतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लांबून येणारी ती धपधप इंजिनाची नसते. हवा कापत जाणाऱ्या पात्यांची असते, आणि इंजिनाचा आवाज त्यामागे दबून जातो. उडणाऱ्या यंत्राची चाहूल कशाने लागते, ती कमी करता येते का आणि कमी करायची तर कशाची किंमत मोजावी लागते, हे प्रश्न वैमानिकी संशोधनात फार जुने आहेत. त्यातल्या एका प्रश्नाशी अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, थेट संबंध आला, ही गोष्ट मात्र खुद्द जिल्ह्यातही फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही.

नगरची ओळख रणगाड्यांचे गाव अशी आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, यांत्रिकी पायदळाचे रेजिमेंटल सेंटर, जुने रणगाडे मांडलेले कॅव्हलरी टँक म्युझियम आणि खारे कर्जुन्याचे, ‘के. के. रेंज’ या नावाने ओळखले जाणारे मारा-सरावाचे क्षेत्र यांमुळे तोफेचा दणका इथल्या खेड्यांना नवा नाही. याच गावात संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची म्हणजे डीआरडीओची ‘व्हीआरडीई’, वाहन संशोधन आणि विकास आस्थापना आहे. तिचे मूळ रावळपिंडीजवळच्या चकलाला इथल्या लष्करी वाहनांच्या तपासणी कार्यालयात असून फाळणीनंतर ते काम नगरला आले. लष्करी वाहने घडवणे हे या संस्थेचे मुख्य काम आहे. शिवाय रस्त्यावर येणाऱ्या नव्या वाहनांची चाचणी घेऊन त्यांना मान्यतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांमध्ये, पुण्याच्या एआरएआयप्रमाणेच, तिची गणना होते. जमिनीवर धावणाऱ्या गाड्यांच्या या संस्थेकडे एका उडत्या यंत्राच्या इंजिनाचे काम आले, ते ‘निशांत’मुळे.

निशांत हे वैमानिकाविना उडणारे टेहळणी विमान बंगळुरूच्या एडीई या डीआरडीओच्याच प्रयोगशाळेने आखले. पावणेचारशे किलोच्या आसपास वजन, साडेसहा मीटरच्या वर पंखविस्तार आणि साधारण साडेचार तास हवेत राहण्याची क्षमता असलेल्या या विमानाला धावपट्टी लागत नसे. पुण्याजवळ दिघी इथल्या आर अँड डीई (इंजिनिअर्स) या संस्थेने ट्रकवर बसवलेला एक प्रक्षेपक तयार केला होता आणि तो गलोलीतून खडा सुटावा तसे हे विमान हवेत भिरकावत असे; परतताना ते पॅराशूटने उतरे आणि पोटाखालच्या हवेने फुगलेल्या पिशव्यांवर टेके. पंखांमागे दोन लांब दांडे, त्यांच्या टोकाला शेपूट आणि त्या दांड्यांच्या मधोमध, धडाच्या मागच्या टोकाला इंजिन व पंखा, अशी त्याची ठेवण होती. पंखा मागे असल्याने पुढची बाजू कॅमेऱ्यासाठी मोकळी राही.

कॅमेरा हेच अशा विमानाचे सर्वस्व असते. दोन किलोमीटर उंचीवरून सरळ खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याची नजर अंशाच्या अवघ्या विसाव्या भागाने हलली, तरी जमिनीवरचा नेम पावणेदोन मीटरने सरकतो. त्यामुळे टेहळणी विमानाच्या इंजिनाकडून ताकदीइतकीच अपेक्षा असते ती थरथर न करण्याची. नेहमीच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. सेकंदाला कित्येक वेळा होणाऱ्या या जा-ये-थांब्याचा हिसका सांगाड्याला बसतो आणि एकाच सिलिंडरचे लहान इंजिन असेल तर तो पुरता मोडून काढता येत नाही. यावर उपाय म्हणून निशांतसाठी वांकेल जातीचे रोटरी इंजिन निवडले गेले.

हे इंजिन फेलिक्स वांकेल (१९०२–१९८८) या जर्मन संशोधकाच्या नावाने ओळखले जाते. एनएसयू या कंपनीत त्याचा पहिला नमुना १९५७ मध्ये चालला. त्यात खालीवर होणारे काहीच नसते. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेची कंबर अगदी थोडीशीच आवळलेली असावी, तशा आकाराच्या पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. या त्रिकोणाला रोटर म्हणतात. त्याची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत घासत जातात, त्यामुळे पोकळीचे तीन कप्पे पडतात आणि रोटर फिरेल तसे ते लहानमोठे होत राहतात. हवा-इंधनाचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, पेटवणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे ही चारही कामे प्रत्येक कप्पा रोटरच्या एका फेरीत उरकतो. रोटरची एक फेरी होईपर्यंत मधला दांडा तीनदा फिरतो, म्हणून दांड्याच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट मिळतो. झडपा नाहीत, त्यांना हलवणारे दांडे नाहीत, आणि फिरणाऱ्या वस्तुमानाचा तोल समोर वजन बसवून सांभाळता येतो. त्यामुळे लहान आकारात भरपूर ताकद आणि थोडी थरथर असा दुर्मीळ योग या इंजिनात जुळून येतो.

त्याची दुखरी जागा त्या तीन टोकांवर आहे. तिथे बसवलेली बारीक पट्टी भिंतीवर घासताना थरथरली, की भिंतीच्या गुळगुळीत पत्र्यावर आडव्या वळ्या उमटतात. जपानच्या माझदा कंपनीत हे इंजिन विकसित होत असताना अभियंत्यांनी या ओरखड्यांना सैतानाच्या नखांचे नाव दिले होते, आणि ती नखे आवरण्यातच त्यांची बरीच वर्षे गेली. दुसरी अडचण उष्णतेची आहे. पिस्टनच्या इंजिनात स्फोट होतो त्याच जागी पुढच्या खेपेला थंड मिश्रणही येते. इथे मात्र पोकळीची एक बाजू कायम तापलेली आणि दुसरी कायम थंड राहते, त्यामुळे ती वाकडी होऊ पाहते. म्हणजे हे इंजिन कागदावर समजायला सोपे असले, तरी ते टिकवायचे तर ओतकामाचा धातू आणि भिंतीवरचा मुलामा यांतच खरा कस लागतो.

भारतातील कामाची वाटणी नेमकी याच रेषेवर झाली. इंजिनाचा गाभा, म्हणजे खास ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ओतीव भाग आणि भिंतीवरचा निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा, बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने (एनएएल) केला. ठिणगी पाडणारी यंत्रणा, इंधनपुरवठा आणि त्याभोवतीची इतर अंगे नगरच्या व्हीआरडीईने घडवली. आणि उड्डाणचाचणी एडीईने घेतली. सुमारे ३० किलो वजनाचे आणि ५५ अश्वशक्तीचे हे इंजिन आधीच्या आयात इंजिनाच्या जागी बसवून ५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळून निशांत उडवले गेले. सुमारे १.८ किलोमीटर उंची गाठून जवळपास चाळीस मिनिटांनी ते एका कोरड्या तलावाच्या पात्रात सुखरूप उतरले. गाभा बंगळुरूचा असल्याने या इंजिनाला सरसकट ‘नगरचे’ म्हणणे थोडे धाडसाचे आहे, हे मान्य करायला हवे. पण ठिणगी आणि इंधन यांचा मेळ चुकला तर उत्तम गाभाही मुकाच राहतो, हे गॅरेजमधला कुठलाही मेस्त्री सांगेल.

थरथर गेली, पण आवाजाचे काय झाले? इथे हिशेब उलटा होतो. पिस्टनच्या इंजिनात बाहेर जाणाऱ्या वायूची वाट झडप हळूहळू उघडते. रोटरी इंजिनात ती भिंतीतल्या छिद्रावरून रोटरचे टोक सरकताच एकदम उघडी पडते. त्यातच कप्पा लांबट आणि चपटा असल्याने ज्वलन रेंगाळते आणि बाहेर पडणारा वायू अधिक तापलेला असतो. परिणामी या इंजिनाचा एक्झॉस्ट कर्कश, फटफटत्या स्वराचा असतो. दांडा मिनिटाला ७,५०० फेऱ्या फिरतो असे धरले, तर असे १२५ फटके सेकंदाला बसतात, आणि त्या कंप्रतेचा स्वर माणसाच्या कानाला सहज ऐकू येतो. मोठा सायलेन्सर बसवावा तर वजन वाढते आणि वायूची वाट अडून ताकद घटते. कॅमेऱ्यासाठी जे मिळवले, त्यातले काही असे कानासाठी द्यावे लागते.

त्यात मागच्या पंख्याची भर पडते. पंखा पुढे असेल तर त्याला समोरची स्वच्छ, न ढवळलेली हवा मिळते. तो मागे असेल तर धड आणि पंख यांनी ढवळून टाकलेल्या हवेतून त्याच्या प्रत्येक पात्याला जावे लागते, आणि त्या घुसळणीतून जाताना दर वेळी त्याला एक चापट बसते. हेलिकॉप्टरची प्रसिद्ध धपधप याच घराण्यातली आहे. त्याच्या पात्याच्या टोकावरून हवेचा एक भोवरा सुटतो. हेलिकॉप्टर उतरू लागले की तो खाली निघून न जाता पात्यांच्या पातळीतच घोटाळतो आणि मागून येणारे पाते त्याला कापते. खेडेगावच्या हेलिपॅडवर मंत्र्यांचे हेलिकॉप्टर उतरताना जमलेल्या गर्दीला जो ‘फट-फट’ दणका जाणवतो, तो बव्हंशी या भोवरा-कापणीचा असतो. दुसरे कारण वेगाचे आहे. पात्याचे टोक सेकंदाला २०० मीटरहून अधिक वेगाने फिरते आणि पुढे झेपावणाऱ्या बाजूला हेलिकॉप्टरचा स्वतःचा वेग त्यात मिळतो, त्यामुळे ते ध्वनीच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४५ मीटरच्या, जवळ जाऊ लागते आणि हवेत तीक्ष्ण धक्के उमटतात. म्हणून अभियंते पात्याचे टोक मागे वळवतात, उतरण्याचा कोन बदलून पाहतात, आणि काही हेलिकॉप्टरांच्या शेपटीतल्या पंख्याची पाती मुद्दाम असमान अंतरावर बसवतात, म्हणजे एकच टोचरा स्वर अनेक मंद स्वरांत विखुरला जातो.

पात्यांचा स्वर किती साध्या गुणाकारातून मिळतो, याचा सर्वांत दूरचा पुरावा मंगळावरून आला. ‘इंजेन्युइटी’ या चिमुकल्या हेलिकॉप्टरच्या ३० एप्रिल २०२१ च्या चौथ्या उड्डाणाचा आवाज पर्सिव्हिअरन्स या गाडीच्या मायक्रोफोनने टिपला, तेव्हा ८४ हर्ट्‌झचा मंद घुमार ऐकू आला. पाती मिनिटाला २,५०० हून थोड्या अधिक फेऱ्या फिरत होती आणि प्रत्येक रोटरला, म्हणजे इथे फिरत्या पंख्याला, दोन पाती होती. फेऱ्यांना दोनाने गुणून साठाने भागले की तोच आकडा हाती येतो. मंगळावरची विरळ हवा आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उंच स्वर लवकर गिळतात, म्हणून तिथून खालचा स्वर तेवढा पोचला. पृथ्वीवरही दूरवर पोचतो तो खालचा स्वरच. हेलिकॉप्टर लांबून ढोलासारखे आणि जवळून करवतीसारखे ऐकू येते ते यामुळेच.

निशांतचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगता येते. लष्कराने बारा विमानांची मागणी नोंदवली होती. हाती आलेली चारही २०१५ अखेरपर्यंत कोसळली आणि उरलेली मागणी रद्द झाली. त्याची चाकांवर उतरणारी आवृत्ती ‘पंछी’ डिसेंबर २०१४ मध्ये उडाली होती. इंजिन यशस्वी होऊनही विमान टिकले नाही, याचा दोष इंजिनाच्या माथी मारणे घाईचे ठरेल. पॅराशूटने उतरणाऱ्या यंत्राला प्रत्येक खेपेला जमिनीचा एक धक्का सोसावाच लागतो, आणि चाकांची आवृत्ती काढावीशी वाटली यातच बरेच काही आले.

आता जिल्ह्याच्या आकाशात वेगळाच आवाज आला आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शेतीसाठीच्या ड्रोनवर संशोधन आणि प्रशिक्षण चालते, आणि उसात फवारणी करणारे ड्रोन शेतकऱ्यांच्या ओळखीचे होऊ लागले आहेत. त्यांना इंजिन नाही, विजेच्या मोटारी आहेत. तरी ते गप्प नाहीत. हेलिकॉप्टर आपल्या पात्यांच्या फेऱ्या जवळजवळ स्थिर ठेवून त्यांचा कल बदलते, म्हणून त्याचा स्वर एकच राहतो. ड्रोन मात्र प्रत्येक मोटारीची गती क्षणोक्षणी कमीजास्त करत तोल सांभाळतो, त्यामुळे चार-सहा जवळजवळ सारखे पण किंचित वेगळे स्वर एकमेकांवर आदळत गुणगुणतात, आणि हा सतत बदलणारा आवाज तेवढ्याच मोठ्या पण स्थिर आवाजापेक्षा कानाला जास्त खुपतो. हीच पाती जी हवा खाली ढकलतात ती फवाऱ्याचे थेंब उसाच्या दाट पानांत खोलवर नेते. पाती मोठी आणि सावकाश फिरणारी केली तर आवाज उतरतो, पण ड्रोनचा आकार वाढतो आणि सरीवरंब्याच्या कडेला, विजेच्या तारांखाली, बांधावरच्या बाभळीजवळ तो वळवणे अवघड होते.