वॉकरटनची पाच नंबरची विहीर

जमिनीखालचं पाणी गाळून आलेलं, म्हणून निर्धोक, हा समज मे 2000 मध्ये कॅनडातल्या जेमतेम 4,800 वस्तीच्या वॉकरटन गावाला महागात पडला. 7 मृत्यू, सुमारे 2,300 आजारी. गावाला पाणी पुरवणारी पाच नंबरची विहीर उथळ होती. पाणी 5 ते 8 मीटर खोलीवरच्या भेगाळ खडकातून यायचं, वर मातीचा थर पातळ. जोराचा पाऊस झाला आणि शेजारच्या शेतातल्या शेणखतामधले ई. कोलाय ओ157:एच7 व कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हे जिवाणू विहिरीत उतरले. चौकशीत शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही. खत त्याने रीतसरच टाकलं होतं. दोष निघाला पाणीपुरवठ्यात: क्लोरीन कमी घालायचं, वहीत मात्र आकडे ठोकून द्यायचे, ही तिथली वर्षानुवर्षांची रीत. 17 मेला प्रयोगशाळेने नमुना दूषित असल्याचं कळवलं, ते दडवलं गेलं. पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली 21 मेला, तीही आरोग्य खात्याने स्वतःच्या संशयावरून. क्लोरीन सतत मोजणारं यंत्र विहिरीवर असतं, तर बहुतेक अनर्थ टळला असता.

आपल्या दख्खनच्या बेसॉल्टलाही भेगा आहेतच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या 100 मिलीलिटर नमुन्यात एकही ई. कोलाय चालत नाही. विहिरीजवळ गोठा, उकिरडा किंवा शोषखड्डा असेल, तर पहिल्या मोठ्या पावसानंतर नमुना तपासून घ्या. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याच्या नोंदीवर विसंबू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलंय का, ते ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टने पाहा.