सर्व्हरवर बसलेला माणूस

सकाळी ९.३०
मे महिन्याची २० तारीख, म्हणजे दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बीचा शेवटचा दिवस. रामदासपेठेतल्या एका सीए ऑफिसातून फोन आला, "भाऊ, टॅली अटकून राहिली. लवकर या जी." सेंट्रल बाजार रोडला पोचेपर्यंत दुसरा फोन. तर्री पोहे राहिलेच.

१०.१५
आठ मशिनी, एक स्विच. 'सर्व्हर' म्हणतात तो हेड अकाउंटंट काकांचा पीसी. टॅलीचा डेटा त्याच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये असतो आणि बाकीचे सात जण नेटवर्कवरून त्याच फाइली उघडतात. काका त्याच मशिनीवर एक्सेल, मेल, पोर्टल, सगळं करतात. मशीन ऑफिसातली सगळ्यात चांगली, म्हणून सर्व्हर. आणि काका सगळ्यात सीनियर, म्हणून तिच्यावर काका.

बाकीच्यांच्या पडद्यावर 'सर्व्हरवर पुरेसं स्टोरेज नाही' असा संदेश येत होता. काकांनी भाचीच्या लग्नाचे फोटो डिस्कवरून उडवून पाहिले. मग रॅम ८ची १६ जीबी केली. फरक शून्य.

११.००
इव्हेंट व्ह्यूअरमध्ये २०१७ क्रमांकाची नोंद, रांगेने. इथे डिस्कचा काही संबंध नाही. विंडोज मेमरीचा एक भाग कधीच डिस्कवर सरकवत नाही. त्याला नॉनपेज्ड पूल म्हणतात. नेटवर्कवरून आलेल्या मागण्या हाताळताना फाइल शेअर करणारी सेवा त्यातून जागा घेते. पण किती घ्यायची, याचा कोटा वेगळा ठरलेला असतो. टेबलावरच्या विंडोजमध्ये तो आखडता असतो, कारण या मशिनीचा मालक समोर बसलेला माणूस आहे, असंच ती धरून चालते. कोटा संपला की रॅम रिकामी पडलेली असली तरी नकार मिळतो. काकांची दुप्पट रॅम म्हणूनच वाया गेली होती.

उपाय लहान आहे. रजिस्ट्रीत लॅनमनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये 'साइज' १ होता तो ३ केला, मेमरी मॅनेजमेंटखालचा 'लार्जसिस्टमकॅश' ० होता तो १. आता मशीन रीस्टार्ट करायची, म्हणजे आठही जणांनी टॅलीतून बाहेर यायचं. वीस तारखेला! "पाच मिनिटं थांबा भाऊ," असं प्रत्येकानं एकेकदा सांगितलं. बारा वाजून गेले.

दुपारी १.१०
नकार थांबला, पण टॅली अजून रांगत होती. हा दुसरा आजार, आणि याला रजिस्ट्री पुरत नाही. मोकळ्या मेमरीत विंडोज नुकत्याच वाचलेल्या फाइली धरून ठेवते. तोच डेटा पुन्हा मागितला की डिस्कवर जावं लागत नाही. काकांचं अवाढव्य एक्सेल आणि ब्राउझरचे ढीगभर टॅब ती जागा खात होते. काकांनी नवी शीट उघडली की पलीकडच्या खोलीतली मुलगी व्हाउचर दाबून वाट बघत बसते. काकांना यातलं काहीच दिसत नाही. त्यांची मशीन तर पळत असते.

टॅब बंद करायला सांगितलं. "मग काम कसं करू?" प्रश्न रास्त होता.

जेवायला उठताना त्यांचा हात सवयीनं शटडाउनकडे गेला. मी आणि ती मुलगी, दोघंही ओरडलो. सात टॅली उघड्या असताना सर्व्हर बंद झाला तर संध्याकाळ डेटा रिपेअर करण्यात जाते.

३.३०
चहा. ऑफिसच्या सीए साहेबांना वाटतं हे दुखणं नवं आहे. डॉसच्या काळात नोवेलचं नेटवेअर २८६ नॉन-डेडिकेटेड चालवता यायचं, म्हणजे सर्व्हरवरच डॉसही. डॉसचा प्रोग्राम हँग झाला की अख्खं नेटवर्क आडवं. तेव्हा भांडण पत्त्यांचंही असे: नेटवर्क कार्ड डी-०००च्या पट्ट्यात आपली मेमरी मांडून बसायचं आणि ईएमएम३८६ तीच जागा रिकामी समजून वापरायला घ्यायचं. कॉन्फिग फाइलीत तेवढा पट्टा वगळायची ओळ टाकली की मिटायचं. १९८९ला नेटवेअर ३८६ आलं आणि त्यानं सर्व्हरवर माणूस बसवायची सोयच काढून टाकली. मला तो निर्णय फार आवडतो.

साहेब हसले. बाहेर ऊन इतकं की यूपीएसला हात लावला तर चटका बसत होता.

६.४५
रिटर्न गेले. काकांचे टॅब परत उघडले. मी साहेबांना लिहून दिलं: एक साधी वेगळी मशीन, एसएसडी, कोपऱ्यात ठेवायची, तिच्यावर कुणी बसायचं नाही. साहेबांनी किंमत वाचली, मान डोलावली.

"घेऊन टाकू जी. फक्त तिला मॉनिटर-कीबोर्ड लावून द्या. एक तारखेपासून नवा आर्टिकल येऊन राहिला, तो बसेल तिच्यावर."