स्फटिकाच्या तीन दिशा

१९९५ साली सोडलेल्या युरोपच्या ‘आयसो’ या अवरक्त दुर्बिणीने म्हाताऱ्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीत फॉर्स्टेराइट, म्हणजे मॅग्नेशियमचे ऑलिव्हिन, दाखवून दिले. बातमी दुर्बिणीची झाली. मला कुतूहल होते ते ही ओळख पटते कशी याचे, आणि ते मला जर्मनीतल्या येनाकडे घेऊन गेले. भिंगे आणि काच घडवणाऱ्या झाइस, ॲबे आणि शॉट यांचे गाव. तिथल्या विद्यापीठाच्या वेधशाळेतील गटाने अवकाशातल्या धुळीच्या खनिजांचे प्रकाशीय स्थिरांक मोजून त्यांची कोष्टके सर्वांना खुली केली.

स्थिरांक दोनच, अपवर्तनांक आणि शोषणांक; पण दर तरंगलांबीला निराळे. नुसत्या भुकटीचा वर्णपट घेणे सोपे असते. मात्र भुकटी पोटॅशियम ब्रोमाइडच्या चकतीत दाबली की शोषणाची शिखरे लांब तरंगलांबीकडे सरकतात, आणि अवकाशातला कण तर पोकळीत असतो. ते दोन आकडे हाती असले, तर वेगवेगळ्या आकारांच्या कणांचे वर्णपट गणिताने काढता येतात.

कसब आहे ते ऑलिव्हिनच्या काही मिलिमीटरांच्या तुकड्यात. त्याचे तीन अक्ष, आणि प्रत्येकाच्या दिशेने शोषण वेगळे. आधी दिशा ठरवायची, त्याप्रमाणे कापायचे, लखलखीत पॉलिश करायचे. मग पोलरायझर फिरवून एकेका अक्षाचे परावर्तन सोन्याच्या आरशाशी ताडायचे. यात प्रकाशाची तीव्रता कळते, कला (म्हणजे लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) निसटते. क्रामर्स आणि क्रोनिग यांच्या १९२०च्या दशकातल्या सूत्रांनी ती परत मिळते. मला याच पायरीचे सर्वांत अप्रूप वाटते: एका तरंगलांबीची कला काढायला बाकी सगळ्या तरंगलांबींचे परावर्तन लागते. टोकाकडची मोजणी कच्ची राहिली, तर मधले आकडेही बिघडतात.

ऑलिव्हिनचे अक्ष निदान काटकोनात असतात. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार त्रिनताक्ष. तिथे शोषणाच्या दिशाच तरंगलांबीगणिक फिरतात. एकाच पृष्ठभागावर भागत नाही. अनेक पृष्ठभाग, अनेक कोन आणि मग लांबलचक गणित. त्यात हे स्फटिक बहुधा जुळे, पातळ पट्ट्यांनी एकमेकांत गुंतलेले. चिकणमातीच्या खनिजांचे तर कापण्याजोगे स्फटिकच मिळत नाहीत. शिवाय अवकाशातली धूळ थंड असते, आणि फॉर्स्टेराइटचा ६९ मायक्रॉनचा पट्टा तापमानाबरोबर सरकतो. म्हणजे तेच मोजमाप थंडीत पुन्हा करायचे.

तरीही प्लॅजिओक्लेजसाठी हे कष्ट घेण्याजोगे आहेत: चंद्रावरचे उजळ डोंगराळ प्रदेश मुख्यतः त्याचेच आहेत. आपल्या सह्याद्रीत, मंचरच्या बाजूला, बेसाल्टच्या काही थरांत याच खनिजाचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे स्फटिक सापडतात. त्यांतून जुळेपणा नसलेला तुकडा शोधणे किचकट आहे, तरी आपल्या भूशास्त्र विभागांनी तो शोधावा, कापावा आणि मोजावा.