वृद्ध आईबापांचे निवृत्तिवेतन : कागदपत्रांची पूर्वतयारी

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्या व तांडे ओस पडू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे, नातवंडे व दावणीची जनावरे. अशा वृद्धांना शासनाच्या निवृत्तिवेतनाचा आधार असतो. परंतु आपण कोण व आपले वय किती, हे कागदावर सिद्ध करता न आल्यामुळे पात्र माणसेही त्याला मुकतात. म्हणून हे काम कोयता बांधून घर सोडण्यापूर्वीच उरकणे इष्ट होय.

लाभ कोणता?

६५ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे व अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा, या तिच्या मुख्य अटी आहेत. जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. ६५ वर्षांखालील निराधार विधवा व इतर गरजूंसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयाकडे जातात.

वय कसे सिद्ध करावे?

खरी अडचण येथेच येते. आज सत्तरीच्या पुढे असलेली माणसे जन्मली तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा तर १९६९ चा. शेतात वा पालावर जन्मलेल्या आणि शाळेची पायरी न चढलेल्या बाईचा जन्मदाखला कोठून मिळणार?

परंतु जन्मदाखला हाच एक मार्ग नव्हे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीतील उतारा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नसल्यास शिधापत्रिकेतील वा मतदार यादीतील वयाची नोंद पुढे करता येते. तीही नसल्यास ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक किंवा त्यांच्यावरील दर्जाचे शासकीय वैद्यकीय अधिकारी यांचा वयाचा दाखला घ्यावा. आधार कार्डाने ओळख पटते. जन्मतारखेचा तो पुरावा मानला जात नाही. आधार काढताना अनेकांनी केवळ अंदाजे वय सांगितले व तारीख १ जानेवारी पडली, हे ध्यानी ठेवावे. तथापि वय वाढवून सांगण्याच्या फंदात कोणी पडू नये.

नावे जुळवून पाहावी

आधार, शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र व बँकेचे पुस्तक शेजारी शेजारी मांडून वाचावे. एकावर गंगाबाई, दुसऱ्यावर गंगूबाई, तिसऱ्यावर माहेरचे आडनाव, असे असेल तर अर्ज अडतो. चूक आढळल्यास प्रथम आधारमधील नाव दुरुस्त करून घ्यावे व मग त्याबरहुकूम इतर कागद करावे. बँक खाते आधारशी जोडले आहे की नाही, हेही बँकेत विचारावे; कारण रक्कम त्याच खात्यात जमा होते.

ठसा उमटत नसेल तर

जन्मभर मोळ्या बांधून व खुरपणी करून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा ओळखत नाही. त्यात त्या माउलीचा दोष नाही. आधार केंद्रावर नेऊन ठसे नव्याने द्यावे. डोळ्यांच्या बुबुळावरून व चेहऱ्यावरूनही ओळख पटविण्याची सोय आधारमध्ये आहे. तिची मागणी करावी.

आणखी एक चूक वारंवार घडते. आईच्या आधारला मुलाचा मोबाईल क्रमांक जोडलेला असतो. मुलगा उसाच्या फडावर, आई तहसीलच्या दारात. आणि पडताळणीचा ओटीपी मात्र मुलाच्या खिशात! गावात राहणाऱ्या विश्वासू नातेवाइकाचा क्रमांक जोडणे सोयीचे ठरते.

हयातीचा दाखला

निवृत्तिवेतन मंजूर झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. लाभार्थी हयात असल्याची खात्री दरवर्षी करून द्यावी लागते व त्यासाठी जानेवारी ते मार्च हा काळ नेमलेला आहे. नेमका हाच तोडणीचा भर! तेव्हा वृद्धांना कोण नेणार, हे टोळी निघण्यापूर्वीच घरात ठरवावे आणि त्या वर्षीची मुदत व पद्धत तहसीलमधून समजून घ्यावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भाद्रपद-आश्विनात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची वाडीवार यादी करावी. ग्रामपंचायत अधिकारी व तलाठी यांच्या साह्याने एक दिवस ठरवून सर्वांचे कागद तपासावे व कोणाचे काय उणे आहे ते लिहून द्यावे. अर्ज दिल्यावर पोच घेण्यास शिकवावे. दलालाला पैसे देऊ नयेत आणि कशासाठी ते कळल्यावाचून कोठेही अंगठा लावू नये, हेही बजावून सांगावे.

ज्या हातांनी घर उभे केले, त्या हातांना उतारवयात दुसऱ्यापुढे पसरण्याची वेळ येऊ नये. त्यासाठी मुलाने प्रवासाची शिदोरी बांधण्याआधी आईच्या कागदांची पिशवी एकदा उघडून पाहावी.